आधी पान, मग पेटी

बाई आमचं वाजवणं ऐकून पुस्तक लिहून द्यायच्या. डॉक्टर नाडी बघून गोळी लिहून देतो ना, अगदी तसं. त्यासाठी त्यांच्या पिशवीत पाठकोऱ्या कागदाच्या कापलेल्या चिठ्ठ्या असायच्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर तीनच ओळी: वाद्य, दोष, पुस्तक. मला मिळालेल्या पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'वाद्य – तबला. दोष – घाई.' आणि पुस्तकाच्या ओळीत आंब्याची कलमं कशी बांधावीत यावर एका माळ्यानं लिहिलेल्या पुस्तकाचं नाव. मी म्हटलं, "बाई, तबल्याचा आणि कलमाचा काय संबंध?" बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बांधलेलं कलम जगलं की नाही हे कळायला किती दिवस वाट बघावी लागते, ते वाच. मग संबंध सांग."

दोषाची ओळ बाईंनी कधी रिकामी सोडली नाही. आपल्याला दोष नाही असं वाटणाऱ्या माणसाला तर त्या जास्त जाड पुस्तक द्यायच्या.

त्यांची सगळी नोकरी पोलादपूरच्या एका सरकारी कचेरीत, रेकॉर्डरूममध्ये झाली. लाल फडक्यात बांधलेले बस्ते, त्यात दोन-तीन पिढ्यांची भांडणं. त्यातला हवा तो कागद बाई चहा थंड व्हायच्या आत काढून देत. म्हणून सगळ्या पंचक्रोशीत त्या रेकॉर्डबाई. खरं नाव पेन्शनच्या कागदावर असेल तेवढंच. निवृत्तीनंतर बस्ते सुटले, पण सवय सुटली नाही. माणसाला बघितलं की हा कुठल्या कप्प्यातला, हे त्यांच्या डोक्यात आधी ठरायचं.

आमची बैठक रविवारी दुपारी तीन ते सहा, महाडला युसुफभाईंच्या ट्रान्स्पोर्टच्या गोडाऊनवरच्या खोलीत. वरच्याच मजल्यावर, कारण खाली सावित्री नदीचं पाणी कधी येईल याचा नेम नसतो आणि पेटीला पोहता येत नाही. आम्ही चौघं. कुणीच धड वाजवणारे नव्हतो, हे आधी कबूल केलेलं बरं. युसुफभाई वीस वर्षं आखातात ट्रेलर चालवून परत आलेले, तिथल्या खोलीत शिकलेला बेंजो वाजवायचे. कापडे गावचे गणपतदादा शेतकरी, बासरी वाजवायचे. मी बाजारपेठेतला चष्मेवाला, तबल्यावर हात मारायचो. आणि बाई पेटीवर. त्या पोलादपूरहून दीडच्या एसटीनं यायच्या. पेटी आमच्या खोलीतच असायची. बाईंच्या हातात फक्त पिशवी आणि पिशवीत पुस्तक.

बैठकीचा नियम एकच, पण काळ्या दगडावरची रेघ. आधी पान, मग पेटी. प्रत्येकानं सध्या जे पुस्तक वाचतोय त्यातलं एक पान मोठ्यानं वाचायचं, मगच वाद्याला हात लावायचा. पुस्तक संपलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिल्याशिवाय घरी जायचं नाही, हा पोटनियम. पुस्तक कसं आहे, असं बाई कधी विचारत नसत. "चांगलं आहे, छान आहे, हे सांगू नकोस," म्हणायच्या. "कुठल्या पानावर थांबलास आणि का थांबलास, ते सांग." आता लाज सोडून सांगतो, लोकांना वाचायला चष्मे विकणारा मी, माझं स्वतःचं वाचन तोवर दुकानांच्या पाट्यांच्या पुढे गेलेलं नव्हतं. पहिले तीन रविवार मी एकच पान वेगवेगळ्या आवाजांत वाचून बघितलं. चौथ्या रविवारी बाई म्हणाल्या, "विलास, या पानाला आता तूच पाठ झाला असशील. उलट की."

या नियमाचं मूळ त्यांनी एकदाच सांगितलं. बाईंचे वडील वस्तीतल्या गायनपार्टीत पेटी वाजवायचे. विहाराच्या कार्यक्रमांना, लग्नांना, दूरदूरच्या गावांहून त्यांना बोलावणं यायचं. गाणी तोंडपाठ, पण अक्षर एक येत नव्हतं. बाई तिसरीत असताना पेटीला हात लावायचा हट्ट करायच्या. वडील म्हणायचे, आधी पान, मग पेटी. मुलीनं शाळेच्या पुस्तकातलं एक पान वाचायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि मगच भात्याची कडी काढायची. "मला वाटायचं, मला अभ्यासाला लावतायत," बाई म्हणाल्या. "नोकरी लागली, पहिला पगार झाला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते स्वतः शिकत होते रे. सातवीपर्यंतची सगळी पुस्तकं त्यांनी माझ्या तोंडून ऐकली." एवढं सांगून त्यांनी पेटी ओढली आणि नेहमीपेक्षा जरा जोरातच भाता मारला.

गणपतदादांना या नियमाचा सगळ्यात जास्त जाच व्हायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी हात जोडले, "बाय, माझ्याकडं भात हाय, नाचणी हाय, पुस्तक नाय." बाईंनी त्यांची बासरी ऐकली आणि चिठ्ठी लिहिली: 'दोष – गावाच्या वेशीबाहेर जात नाही.' पुस्तक कुठलं, तर नदीच्या काठाकाठानं उगमापासून समुद्रापर्यंत चालत गेलेल्या एका माणसाचं. पुढच्या रविवारी दादा कुरकुरत आले. "वाचाया घेतला का झोप येते हो."

"झोप येईपर्यंत किती होतं?" बाईंनी विचारलं.

"दीड पान."

"मग रोज दीड पान. तो माणूस तरी कुठे एका दिवसात समुद्राला पोचला?"

युसुफभाईंचं वेगळंच. सुरुवातीला ते टेम्पोच्या इंजिनाचं माहितीपुस्तक घेऊन आले आणि गिअरबॉक्समधलं तेल कधी बदलावं, त्याचं पान वाचायला लागले. मला वाटलं, आता यांची खैर नाही. पण बाई कान देऊन ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "छापलेलं आहे ना? मग चालेल. पण युसुफभाई, तुम्ही जसं हे वाचलंत तसा बेंजो वाजवा. यात तुम्ही कुठेच उगाच नक्षी काढली नाहीत." आखातात वीस वर्षं कुणाच्या बापाला न भ्यालेले युसुफभाई लाजून खाली बघायला लागले. पुढे मुंबईला गेले की फुटपाथवरून पुस्तकं आणायचं वेडच त्यांना लागलं.

माझा दोष घाई, हे झालंच. पण त्याहून वाईट खोड म्हणजे मी वाचायला लागलो की बोटं आपोआप मांडीवर चालायची आणि सगळं वाक्य कहरव्यात जाऊन बसायचं. कलम असं बांधावं, धा गे ना ती. फांदी अशी कापावी, न क धी न. बाई वैतागायच्या. "हे वाचन आहे, वरात नाही. पुस्तकाला त्याच्या पायानं चालू दे. हात खाली घाल, बस त्यांच्यावर." मग मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, पुस्तक पुढ्यात उघडं ठेवून वाचायचो. पान उलटायची वेळ आली तर गणपतदादा उलटून द्यायचे. घोड्यासारखा वाढलेला माणूस हातांवर बसून वाचतोय, हे दृश्य बघायला युसुफभाईंचे हमाल जिन्यात येऊन थांबायचे. पण त्या शिक्षेनं सवय अशी लागली, की घरी एकटा वाचायला बसलो तरी हात आपसूक मांडीखाली जायचे.

एकदा पाचाडच्या एका खानावळवाल्यानं मुलीच्या साखरपुड्याला आम्हाला वाजवायला बोलावलं. युसुफभाई त्याच्याकडे माल पोचवायचे, त्या ओळखीवर. मांडव भरला, माईक लागला आणि बाई म्हणाल्या, "आधी चार पानं." खानावळवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "बाई, पाहुणे जेवायचे थांबलेत हो!" बाई म्हणाल्या, "मग तुम्ही बोलण्यात वेळ घालवू नका." गणपतदादांनी माईकवर नदीवाल्याचं पान वाचलं. मागून कुणी हसलं, कुणी शिट्टी मारली, पण दादा थांबले नाहीत. कार्यक्रमानंतर आमच्या वाजवण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एक म्हातारे गृहस्थ मात्र काठी टेकत आले आणि विचारायला लागले, "त्या चालणाऱ्याचा पुढं काय झाला?" बाईंनी दादांच्या हातातलं पुस्तक काढून सरळ त्यांना दिलं. "वाचून महाडला आणून द्या. रविवारी असतो आम्ही." दादा टेम्पोत बसेपर्यंत म्हणत होते, "अवो, पन माझाच समुद्र ऱ्हायलाय अजून!" म्हातारबुवा खरंच महिन्याभरानं पुस्तक परत द्यायला आले, आणि दादा समुद्राला पोचले.

नियम स्वतःला लावताना बाई आणखी कडक होत्या. एका रविवारी त्या आल्या आणि पिशवीत हात घातला, तर पुस्तक घरीच राहिलेलं. मी म्हटलं, "माझ्यातलं एक पान वाचा, झालं." त्या म्हणाल्या, "तू वाचतोयस ते पुस्तक तुझं. मी माझं वाचतेय." आणि तशाच जिना उतरून पोलादपूरच्या गाडीला गेल्या. पुस्तक घेऊन परत आल्या तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. आम्ही तिघं वाद्यं गुंडाळून बसलो होतो. त्यांनी घाम पुसला, पान वाचलं, मग दहा मिनिटं भूप वाजवला आणि शेवटची एसटी पकडली. दहा मिनिटांच्या पेटीसाठी बाईंनी चार वेळा एसटीचे धक्के खाल्ले. याला हट्ट म्हणा नाहीतर निष्ठा म्हणा, त्या दिवसापासून आम्ही तिघांनी नियमाबद्दल कुरकूर करणं सोडलं.

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल, बाईंच्या धाकट्या बहिणीचा, शोभाताईंचा फोन आला. बाईंना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात गेला, आणि वाचा गेली. समोरच्याचं बोललेलं सगळं कळत होतं, काय म्हणायचं तेही डोक्यात तयार होतं, पण शब्द ओठांवर येत नव्हता. एकच शब्द उरला होता: 'नाही'. चहा हवा का, नाही. नको का, नाही. ओळखलंत का मला, नाही. आणि डोळ्यांतून पाणी. बस्त्यातला हवा तो कागद क्षणात काढणारी बाई, तिच्या स्वतःच्या बस्त्यातून फिरून फिरून तोच एक कागद निघत होता. मी त्यांच्या खाटेशेजारी बसलो होतो आणि मला रडू आवरत नव्हतं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मात्र युसुफभाई पोलादपूरला जाऊन बाईंना टेम्पोत पुढे बसवून घेऊन आले. त्यांनी आणि गणपतदादांनी मिळून बाईंना खुर्चीसकट जिना चढवला. शोभाताई मागोमाग पिशवी घेऊन आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेटी वाजवू द्या, जमेल तसं डाव्या हातानं, त्यानं उभारी येईल. आम्ही पेटी पुसून, भाता उघडून तयार ठेवली होती. युसुफभाई म्हणाले, "बाई, हवा मी मारतो, तुम्ही फक्त बोटं ठेवा." बाईंनी डाव्या हातानं भाता बंद केला. मग पिशवीतून पुस्तक काढून मांडीवर उघडलं.

ते युसुफभाईंनीच मुंबईहून आणून दिलेलं पुस्तक होतं, एका दीपगृहाच्या रखवालदाराचं आत्मवृत्त. झटका आला त्या आठवड्यात बाई एकशे बाराव्या पानावर होत्या. खूण तिथेच होती. त्यांनी बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. ओळ साधी होती: 'त्या दिवशी सकाळी समुद्र शांत होता.' बाईंनी तोंड उघडलं आणि शब्द आला, "नाही." पुन्हा प्रयत्न केला. "नाही." कपाळावरची शीर फुगली. पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं, आमच्याकडे बघून पेटीकडे बोट केलं आणि मान हलवली. पान झालं नाही, म्हणून पेटी नाही. आम्ही तिघांनी वाजवायचं, हे मात्र त्यांनी खुणेनं बजावलं. आमची पानं झाली होती ना! त्या दिवशी आम्ही काय वाजवलं ते आम्हालाही ऐकू आलं नाही.

मग आमची अक्कल धावायला लागली. मी पुढच्या रविवारी मोठ्या अक्षरांची अंकलिपी घेऊन गेलो. अननसाचं चित्र, खाली अ. चष्मेवाल्याची बुद्धी, अक्षर मोठं केलं की दिसतं! बाईंनी ती अंकलिपी खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिरकावली. डाव्या हातानं इतक्या लांब फेकता आली, याचाच मला आनंद झाला, पण मान वर करायची हिंमत होईना. त्याच्या पुढच्या रविवारी युसुफभाईंनी खिशातून आगपेटी काढून बाईंच्या समोर धरली. "बाई, तुमचाच कायदा आहे. छापलेलं आहे ना, मग चालेल. यावर एकच शब्द छापलाय. एवढा म्हणा आणि पेटी घ्या. अल्लाची शपथ, कुणाला सांगणार नाय." बाईंच्या तोंडाच्या एका बाजूला हसू आलं. झटक्यानंतरचं ते पहिलं हसू. त्यांनी आगपेटी हळूच युसुफभाईंच्या खिशात परत ठेवली आणि एकशे बारावं पान उघडलं.

शोभाताई मला जिन्यात म्हणाल्या, "भाऊ, एक नवल सांगू? हिला पाणी म्हणता येत नाय. पण परवा बाबांच्या पार्टीतलं जुनं गाणं लागलं, तर अख्खं म्हणाली. शब्दासकट." मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. शिरायला हवं होतं.

चौथा रविवार. बाईंचं बोट त्याच ओळीवर, ओठ हलतायत, आवाज नाही. मला बघवेना. मी मान खाली घालून बसलो होतो आणि जिवाच्या तगमगीनं माझी बोटं मांडीवर कधी चालायला लागली ते मलाच कळलं नाही. धा गे ना ती. न क धी न. आणि बाईंच्या तोंडून आलं, "त्या... दि..."

मी दचकलो. आणि इतक्या वर्षांची सवय! मास्तरांनी छडी उगारावी तसे मी दोन्ही हात पटकन मांड्यांखाली घातले. वाचन चाललंय, हात खाली. बाईंचा आवाज तिथेच तुटला. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. चेहरा लाल. मला वाटलं, ठेका धरला म्हणून रागावल्या. मी म्हटलं, "चुकलो बाई, पुन्हा नाही करणार." बाई ओरडल्या, "नाही! नाही!" मी हात आणखी घट्ट दाबले. शेवटी त्यांनी पुढे वाकून डाव्या हातानं माझं मनगट धरलं, मांडीखालून खसकन ओढून काढलं आणि बंद पेटीच्या लाकडावर आपटलं. तेव्हा कुठे या मठ्ठ माणसाच्या डोक्यात उजेड पडला. मी पेटीच्या फळीवर ठेका धरला, अगदी संथ. बाईंनी दोन आवर्तनं नुसती ऐकली. तिसऱ्याला त्या समेवर आल्या. "त्या... दि... व... शी..." मग पुन्हा एक आवर्तन श्वास. "स... का... ळी..." गणपतदादा उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

समुद्र शांत व्हायला आणखी दोन रविवार लागले.

त्या पानावर बावीस ओळी होत्या. कधी रविवारी एक ओळ व्हायची, कधी अर्धी, कधी मागचीही विसरायची. घरी शोभाताई थाळी वाजवून ठेका धरायच्या, पण त्यांची लय धावायची आणि बाई चिडायच्या. मग मी बुधवारी दुकान बंद असतं म्हणून पोलादपूरला जायला लागलो. बाई ओळीवर बोट ठेवायच्या, मी खाटेच्या लाकडावर ठेका धरायचो. घाई हा माझा जन्मजात दोष. पण मी जरा जरी पुढे गेलो, तरी बाईंचा शब्द निसटायचा आणि सगळी ओळ पहिल्यापासून. तबल्यावर पंधरा वर्षांत जे जमलं नव्हतं, ते मी त्या खाटेवर शिकलो. वाट बघायला. कलमाचा आणि तबल्याचा संबंध मला तिथे लागला. तो मी बाईंना सांगितला, तेव्हा त्या 'नाही' म्हणाल्या, पण मान होकारार्थी हलवली.

सगळं पान सलग झाल्याशिवाय पेटी नाही, हे बाईंनी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, शोभाताई रडल्या, युसुफभाईंनी हात टेकले. बाई ढिम्म. पेटी तीन फुटांवर असायची आणि त्या तिच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

होळीच्या आदल्या रविवारी बाईंनी एकशे बारावं पान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. चाळीस मिनिटं लागली असतील. माझी बोटं सुजल्यासारखी झाली होती. शेवटचा शब्द संपला. बाईंनी स्वतःच्या डाव्या हातानं भात्याची कडी काढली. युसुफभाई धावले आणि हवा मारायला बसले. त्यांनी हवा मारली ती ट्रकच्या चाकात भरावी तशी, त्यामुळे पहिला सूर किंचाळलाच. "ह... ळू," बाई म्हणाल्या, ठेक्याशिवाय. मग त्यांनी डाव्या हाताचं एक बोट षड्जावर ठेवलं आणि तिथेच ठेवलं. बराच वेळ. पुढे भूपाचे पाच सूर, वर आणि खाली, शिकायला बसलेल्या मुलीसारखे एकेक. मला त्या घटकेला वाटलं, आता काही मागणं उरलं नाही.

त्यानंतर पानं भराभर नाही, पण होत गेली. एकशे तेरा, एकशे चौदा. बोलतानाही बाई आता मांडीवर बोट आपटत एकेक शब्द काढायच्या. एकशे एकोणिसावं पान झालं त्या रविवारी त्यांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली आणि पुस्तकात ठेवून पुस्तक माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "बाई, अजून संपलं कुठे? पोटनियम काय सांगतो?" त्यांनी नुसती खूण केली, वाच. चिठ्ठीवर डाव्या हातानं काढलेली वेडीवाकडी अक्षरं होती. 'वाद्य – तबला.' खाली 'दोष –' आणि पुढे कोरं. त्याखाली 'पुस्तक – हेच.'

मला वाटलं, हात दमला असेल. मी पेन पुढे केलं. "बाई, दोषाची ओळ लिहायची राहिली."

बाईंनी माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं आणि ठेका धरला. त्यांनीच, माझ्यासाठी. दोन आवर्तनं थांबल्या, आणि समेवर म्हणाल्या, "रा... हि... ली... ना... ही."

त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, दुसरा झटका आला आणि बाई गेल्या. शोभाताईंच्या घरी आम्ही गेलो, विहारात वंदना झाली, चार लोक चार शब्द बोलले. मला बोलायला सांगितलं तर मला एक शब्द सुचेना. त्या क्षणी मला बाईंचे ते महिने जेवढे कळले तेवढे आधी कधी कळले नव्हते.

रविवारी तीन वाजता आम्ही तिघंही खोलीवर आलो. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. पेटी कोपऱ्यात बंद होती. युसुफभाईंनी बेंजो खोळीतून काढला नव्हता. मी पुस्तक मधोमध ठेवलं, पण ते उघडायचा धीर मला होईना. मग गणपतदादा, दीड पानावर झोपणारे गणपतदादा, पुढे सरकले, एकशे विसावं पान उघडलं आणि वाचायला लागले. पहिल्याच वाक्यात त्यांचा शब्द अडकला. दोनदा प्रयत्न केला, तरी फुटेना.

माझ्या लक्षात आलं, मी हातांवर बसलो होतो. मी हात बाहेर काढले आणि पेटीच्या फळीवर ठेका धरला, संथ, अजिबात घाई न करता. दादांनी दोन आवर्तनं ऐकली आणि तिसऱ्याला ते समेवर आले.